मंगळवारचा हप्ता

आमच्या गल्लीत मंगळवार लवकर उजाडायचा. एरवी फज्रची नमाज झाली की बायका थोडा वेळ टेकायच्या, पण मंगळवारी चुलीवर चहा ठेवल्या ठेवल्या ज्वारीच्या डब्यातून, उशीच्या अभ्र्यातून, कुराणशरीफ ठेवलेल्या फळीच्या मागच्या कोनाड्यातून नोटा बाहेर निघायच्या. साडेआठला कंपनीचा मुलगा यायचा. बावीस-तेवीस वर्षांचा, पाठीला काळी बॅग. आमच्या थोरल्या नणंदबाईंच्या ओट्यावर सतरंजी पडायची आणि दहा बायका रांगेत बसायच्या. आधी सगळ्यांनी मिळून एक शपथ म्हणायची, मग हप्ता द्यायचा. दहाच्या दहा हप्ते जमा होईपर्यंत कुणी उठायचे नाही, असा नियम होता. एखादीचे दोनशे रुपये कमी पडले तर उरलेल्या नऊ जणींनी ते उभे करायचे. आम्हांला शाळेला निघायचे असायचे, तेव्हा ओलांडून जाताना सलाम करायचो. बायका हसून "अलैकुम" म्हणायच्या, पण नजर त्या मुलाच्या हातातल्या यादीवर असायची.

ही गोष्ट २०१८ची. सांगलीत नदीकडच्या बाजूला आमचे घर. या गटात आम्ही नव्हतो. सरकारी पगारवाल्या बाईला असल्या कर्जाची गरज नसते. पण गट उभा राहिला तो आमच्या हातून, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचे सगळे लिहिण्यात काही अर्थ नाही.

झाले असे, की कंपनीची माणसे गल्लीत आली तेव्हा बायकांनी कागद उचलले आणि थेट आमच्याकडे आणले. नणंदबाई म्हणाल्या, "भाभी, तुमच भरो ना फारम. तुम पढी-लिखी है." उर्दू शाळेतली टीचर, मराठीही वाचते, बी.एड. झालेली, मग आणखी कुणाकडे जायचे? असरनंतर आमच्या पुढच्या खोलीत बसून आम्ही दहा अर्ज भरले. आधार कार्डावरचे नाव, घरात किती माणसे, उत्पन्न किती, कर्ज कशासाठी. नणंदबाईंच्या अर्जावर 'शिलाई मशीन' लिहिले. बांगड्या विकणाऱ्या बाईच्या अर्जावर 'व्यवसाय वाढ' लिहिले. तिची मुलगी तेव्हा आमच्याच शाळेत होती, पुढच्या वर्षी चौथीला आमच्याच वर्गात आली. कर्जाच्या कार्डावर व्याजाचा दर छापलेला होता, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. कंपनीच्या मुलाने तोंडी सांगितले होते, "ताई, महिन्याला शेकडा एकच रुपया." कार्डावरचा आकडा बाविसाच्या पुढचा होता. आम्ही तो पाहिला. एक आणि बावीस यांचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न मनात आलाही. पण मगरिबची अजान झाली, बायका उठल्या, आणि आम्हीही विषय सोडून दिला.

तो मेळ कसा बसतो ते आता मांडतो, कारण हे गणित आमच्या घराघरांत कुणीतरी करायला हवे. समजा तीस हजार रुपये वर्षासाठी घेतले. शेकडा एक महिन्याला, म्हणजे वर्षाचे व्याज छत्तीसशे. एकूण तेहतीस हजार सहाशे, बावन्न आठवड्यांत फेडायचे, म्हणजे आठवड्याला साधारण साडेसहाशे. ऐकायला सोपे. पण पहिल्या आठवड्यापासून मुद्दल परत जाऊ लागते. सहा महिन्यांनी तुमच्या हातात कंपनीचे पंधरा हजारच उरलेले असतात, तरी व्याज मात्र पूर्ण तीस हजारांवर चालू असते. वर्षभराचा विचार केला तर सरासरी पंधरा-सोळा हजारच तुम्ही वापरले आणि त्यावर छत्तीसशे दिले. म्हणून खरा दर निघतो बावीस-तेवीस टक्के. तोंडचा एक आणि कागदावरचा बावीस, दोन्ही एकाच कर्जाचे. त्यात सुरुवातीलाच विमा आणि प्रक्रिया शुल्क म्हणून काही रक्कम कापली जाते, तीस हजार पूर्ण हातात पडतच नाहीत. सातवीच्या मुलांना आम्ही सरळव्याज शिकवतो. तरी हे गणित त्या दिवशी आम्ही फळ्यावर मांडले नाही.

कंपनीलाच सगळा दोष देणे बरोबर नाही. आमच्या भागात खाजगी सावकार महिन्याला शेकडा पाच, कधी दहा घेतो. वर्षाचे ते साठ ते एकशे वीस टक्के होतात, आणि वर दागिना किंवा घराचा कागद ठेवून घेतो. त्याच्या तुलनेत बिनतारण, घरपोच मिळणारे बावीस टक्क्यांचे कर्ज कुणालाही बरेच वाटणार. बँकेत गेलेल्या बाईला खुर्चीसुद्धा मिळत नाही, हेही आम्ही पाहिले आहे.

या सगळ्याची सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती. १९७६ साली बांगलादेशात चितगावजवळच्या जोबरा गावात मुहम्मद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी पाहिले, की बांबूचे मोढे विणणाऱ्या बायका व्यापाऱ्याच्या कर्जात अडकल्या आहेत. बेचाळीस माणसांचे मिळून कर्ज होते फक्त ८५६ टका. ते त्यांनी खिशातून दिले. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली त्यांना आणि बँकेला मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे त्याआधीच, १९७४ साली, अहमदाबादला इलाबेन भट यांच्या सेवा संस्थेने बायकांची बँक काढली होती. महाराष्ट्रात १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ झाले आणि १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला.

पण बचत गट आणि आमच्या ओट्यावरचा गट यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि तो आम्हांला फार उशिरा कळला. बचत गटात बायका आधी स्वतःचे पैसे साठवतात. महिन्याला पन्नास, शंभर. आपसांत कर्ज देतात, वही लिहितात, भांडतात, शिकतात, आणि मग बँक त्यांना कर्ज देते. व्याजाचा काही भाग गटातच राहतो. कंपनीचा गट मात्र आठवड्याभरात जमतो तो फक्त कर्ज घ्यायला. त्यात बचत नाही, कारण असल्या कंपन्यांना ठेवी घेण्याची परवानगीच नसते. वही कंपनीची, नियम कंपनीचे. बायकांचे असते ते फक्त एकमेकींचे जामीन राहणे.

नणंदबाईंचे 'शिलाई मशीन' कधी आलेच नाही. पैसे ज्या दिवशी मिळाले त्याच दिवशी संध्याकाळी नणदोईंच्या रिक्षाच्या इंजिनाचे काम निघाले. घरातली रिक्षा चालायलाच हवी, त्यात गैर काही नाही. पण हप्ता भरायचा तो नणंदबाईंनी. जुन्याच मशीनवर फॉल-पिको आणि ब्लाउज शिवून. नणदोईंना आम्ही एकदा म्हणालो, "भाईजान, हप्ता रिक्षातून जायला नको का?" ते म्हणाले, "कर्ज तर तिच्या नावावर आहे ना." असे बोलणे एका घरापुरते नसते. जलशांतून आणि तकरीरींतून आम्ही हजरत खदीजा (र.अ.) यांच्या तिजारतीचे दाखले देतो. बाईची कमाई तिची, मेहर तिचा, हे शरीअतने सांगितलेले सगळ्यांना पाठ आहे. तरीही पासबुक कपाटात कुणाच्या कप्प्यात असते, हे ज्याने त्याने घरी जाऊन पाहावे.

मग २०१९चा ऑगस्ट आला. सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट ही इशाऱ्याची आणि पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. आम्ही मिरजेला बहिणीकडे गेलो, नणंदबाई एका शाळेतल्या छावणीत. पाणी ओसरल्यावर परतलो तेव्हा भिंतीवर छातीच्या वर मातीची रेघ होती. नणंदबाईंचे मशीन चिखलात उलटे पडलेले. बांगड्यावालीच्या घरात ईदसाठी भरलेला माल होता, काचेच्या बांगड्यांच्या पेट्या. पेट्यांचा पुठ्ठा विरघळला होता आणि खोलीभर चिखलात हिरवा-लाल चुरा. तिचा नवरा विजापूरकडे कामाला गेलेला, पैसे कधी पाठवायचा, कधी नाही. हातगाडी तेवढी वाचली होती.

काही आठवडे कंपनीचा मुलगा आला नाही. मग यायला लागला. त्याचे त्याला तरी काय म्हणावे, तोही कुठल्याशा खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, त्याच्या डोक्यावर वसुलीचे टार्गेट. एका मंगळवारी बांगड्यावाली आलीच नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. नियमाप्रमाणे नऊ जणींनी भरले. तिसऱ्या मंगळवारी मुलगा म्हणाला, "मॅनेजर म्हणतात, हा गट थकला तर कुणालाच पुढचं कर्ज नाही." पुढच्या कर्जावर सगळ्यांचा डोळा होता, पुरानंतर घरे उभी करायची होती.

त्या रात्री मगरिबनंतर चौघी जणी बांगड्यावालीच्या दारात जाऊन बसल्या. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. नुसत्या बसून राहिल्या, दहा वाजेपर्यंत. त्यांत आमच्या नणंदबाई होत्या. ज्या बाईच्या मुलीच्या अकीक्याला यांनीच बिर्याणीची पातेली उतरवली होती, तिच्या दारात. आतून मुलीचा रडण्याचा आवाज येत होता, असे दुसऱ्या दिवशी नणंदबाईंनीच सांगितले. सांगताना त्या आमच्याकडे बघत नव्हत्या.

बांगड्यावालीने कानातले विकले आणि सगळे कर्ज एकदम फेडून टाकले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली, मुलीचा दाखला मागायला. माहेरी कवठेमहांकाळला जाणार होती. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात आम्ही आमच्या हाताने लिहिले, 'पालकांचे स्थलांतर'. तिने आमच्याशी दाखल्यापुरतेच बोलणे केले.

नणंदबाईंचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. त्यांनी पहिल्या कंपनीचे फेडायला दुसरीचे घेतले. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना ३१ ऑगस्टपर्यंत सवलत दिली, पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नव्हते, हे बायकांना कुणी सांगितले नव्हते. या वेळी आम्ही सांगितले. त्यांनी जमेल तसे भरत ठेवले आणि २०२१ मध्ये माहेरच्या दोन पाटल्या मोडून मोकळ्या झाल्या.

हे फक्त सांगलीतच झाले असेही नाही. आंध्रात २०१० साली अशाच वसुलीपायी बायकांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला, रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली आणि त्यानंतर नियम आले. आज १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम लागू आहेत. प्रत्येक घरात ते माहीत हवेत म्हणून लिहितो. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असे बिनतारण कर्ज मिळते. घरावरच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कर्ज देण्याआधी एकूण खर्च धरून व्याजाचा दर किती पडतो, ते एका साध्या कागदावर, कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून द्यावे लागते. कर्जाचे कार्डही त्याच भाषेत हवे. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही. धमकी, अपमान, नातेवाइकांना त्रास, हे चालत नाही. भगिनींनो, सही करण्याआधी तो मराठी किंवा उर्दू कागद मागून घ्या. देत नसतील तर सही करू नका.

२०२२च्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी आम्हांला म्हसवडला जायचा योग आला. सांगलीहून विटा, आटपाडी, दिघंचीमार्गे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात. दीडशे किलोमीटरच्या आतले अंतर, पण आम्ही पुरात बुडतो आणि ते लोक पाण्याच्या थेंबासाठी तरसतात. लग्नघरातल्या एका वयस्क खालांनी दुसऱ्या दिवशी आम्हांला बाजारात नेले आणि वाटेत एका इमारतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही आमची बँक." आमची, हा शब्द आमच्या कानाला लागला. सांगलीत एकही बाई कंपनीला 'आमची कंपनी' म्हणत नव्हती.

ती माणदेशी महिला सहकारी बँक. चेतना गाला सिन्हा यांनी म्हसवडच्या बायकांबरोबर १९९७ साली सुरू केलेली. त्या मूळच्या मुंबईच्या, जयप्रकाशजींच्या चळवळीतून आलेल्या, लग्न करून इथे स्थायिक झालेल्या. बँकेच्या जन्माची गोष्ट प्रसिद्ध आहे, पण आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणींनी ती ऐकली नसेल. रस्त्यावर झोपडीत राहून लोहारकाम करणारी एक बाई रोज थोडे पैसे बाजूला ठेवू पाहत होती. पावसाळ्याआधी घरावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. तिची रक्कम इतकी लहान, की कुठलीच बँक खाते उघडून देईना. म्हणजे मागणी कर्जाची नव्हतीच, बचतीची होती. आपल्याला बायकांना पैसे द्यायचे एवढेच सुचते, त्यांचे पैसे सुरक्षित ठेवायचे हे सुचत नाही.

मग बायकांनी स्वतःचीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण संस्थापक बायकांपैकी अनेकींचे अंगठे होते, आणि अंगठेबहाद्दर बायका बँक कशी चालवणार? बायका परत आल्या आणि अक्षर शिकायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यांना त्या म्हणाल्या, आम्हांला लिहिता येत नव्हते, पण मोजता येते. कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगते. परवाना मिळाला. ग्रामीण बायकांनी बायकांसाठी चालवलेली, रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळवणारी ही देशातली पहिली बँक मानली जाते. २०१८ साली दाव्होसच्या जागतिक परिषदेच्या सहअध्यक्षांमध्ये चेतनाताई होत्या, ते वर्तमानपत्रांत आलेच होते. आम्हांला मात्र दाव्होसपेक्षा त्या मौखिक परीक्षेचे अप्रूप जास्त वाटले. मास्तरणीला आणखी काय सुचणार!

खाला सांगत होत्या, बँकेची बाई बाजारात, दारात येऊन रोजची छोटी रक्कम घेऊन जाते. त्यांच्या सुनेने माणदेशीच्या फिरत्या बसमधल्या वर्गात धंद्याचा हिशेब शिकला. २००८ पासून माणदेशी तरंग हा त्यांचा रेडिओही आहे. आणखी एक गोष्ट चेतनाताईंनी स्वतः जाहीरपणे सांगितलेली आहे. दुष्काळात एक बाई सोने गहाण ठेवायला आली. सोन्यावर कर्ज देणे हा बँकेसाठी सगळ्यांत बिनधोक धंदा. पण विचारपूस केली तेव्हा कळले, की जनावरांना चारा-पाणी नाही म्हणून ती दागिना मोडायला निघाली आहे. त्यातून माणदेशीने जनावरांची चारा छावणी उभी केली. आम्हांला आमच्या बांगड्यावालीचे कानातले आठवले. तिला कशासाठी विकतेस म्हणून कुणी विचारले नव्हते. कंपनीने नाही, गटाने नाही, आणि तिच्या मुलीच्या टीचरनेही नाही.

तिथेही व्याज आहेच, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि आपल्या घरांत हा प्रश्न टाळता येत नाही. सूद हराम आहे, यावर दुमत नाही. पण हा मसला आमच्या मोहल्ल्यात फक्त बाईच्या कर्जाच्या वेळी आठवतो, असा आमचा अनुभव आहे. नणदोईंच्या रिक्षाचे पहिले कर्ज व्याजाचेच होते, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. नणंदबाई ओट्यावर बसू लागल्या तेव्हा मात्र जुम्म्यानंतर कुजबुज सुरू झाली. सूरह बकरामध्ये जिथे सूद मना आहे, तिथेच पुढे सांगितले आहे, की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, माफ केले तर अधिक चांगले. कर्ज लिहून ठेवण्याचा तपशीलवार हुकूमही तिथेच आहे. आणि जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूस आहे. आमच्या मोहल्ल्यात दर रमजानमध्ये जकात निघते, चांगली निघते. त्या पुरानंतरच्या रमजानमध्ये त्यातला एक रुपयाही ओट्यावरच्या दहा जणींपैकी कुणाला मिळाला नाही. मनाई सांगणारे पुष्कळ भेटले, सवड देणारा कुणी भेटला नाही.

बिनव्याजी व्यवस्था चालू शकत नाही असे नाही. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून दागिन्यांवर बिनव्याजी कर्ज देत आला आहे. आम्ही एवढे मोठे काही करू शकत नव्हतो. म्हसवडहून आल्यावर आम्ही आणि नणंदबाईंनी मिळून गल्लीतल्या चौदा जणींची भिशी सुरू केली, कर्जे हसनाची. आठवड्याला पन्नास रुपये. पहिले सहा महिने कुणालाच कर्ज द्यायचे नाही, नुसते साठवायचे. मग पाच हजारांपर्यंत, बिनव्याजी. वही प्रत्येकीने पाळीपाळीने लिहायची, उर्दूत किंवा मराठीत, जिला जे येते त्यात. दोघींना काहीच येत नव्हते, त्यांना इतवारी दुपारी आम्ही शिकवतो. अट एकच, पैसे जिच्या नावावर, ते तिच्याच कामात लागले पाहिजेत. एका नवऱ्याने मोबाईलसाठी बायकोला पुढे केले, तेव्हा नणंदबाईंनीच नाही म्हटले.

सगळे छान चालले आहे असेही नाही. पाच हजारांत शिलाई मशीन येत नाही. मोठी गरज लागली की बायका पुन्हा कंपनीकडे जातात, आम्ही अडवत नाही, कागद तेवढा वाचून देतो. एकीकडे तीन हजार अडकले आहेत. तिचा मुलगा आजारी आहे, ती देईल तेव्हा देईल. पण बाकीच्या तेरा जणींपैकी दोघी कुरकुरतात, "मग आम्ही तरी का वेळेवर भरायचं?" या प्रश्नाला आमच्याकडे नीट उत्तर नाही. सवड आणि शिस्त दोन्ही एका वहीत कशा लिहायच्या, हे अजून शिकतोच आहोत. तिच्या दारात जाऊन कुणी बसायचे नाही, एवढे मात्र पहिल्याच दिवशी ठरले होते आणि ते नणंदबाईंनी ठरवले होते.

२०२३च्या हिवाळ्यात आम्ही कवठेमहांकाळला गेलो. मुद्दाम गेलो. पत्ता मुलीच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडून मिळाला. नणंदबाईही येणार म्हणाल्या होत्या, सकाळी तयार होऊन बसल्या, आणि एस.टी. स्टँडपर्यंत येऊन परत गेल्या. डब्यात त्यांनी खीर दिली होती.

बांगड्यावाली आता आजूबाजूच्या आठवडे बाजारांत पाल टाकून बसते. काचेच्या, मेटलच्या बांगड्या, मुलींच्या क्लिपा. कुणाचेही कर्ज नाही. एका पतसंस्थेत रोज तीस रुपये पिग्मी भरते, त्यातूनच माल आणते. मुलगी आठवीत गेली आहे, आईच्या बरोबरीने उंच. आम्हांला पाहून तिने सलाम केला आणि आमच्या पायाशी बसली. खीर कुणी दिली ते आम्ही सांगितले. बांगड्यावालीने डबा उघडला नाही, पण परतही केला नाही. फळीवर ठेवला.

पुष्कळ वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. आम्ही ज्यासाठी आलो होतो ते तोंडातून निघत नव्हते. मग तिनेच ट्रंक उघडून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात रेशन कार्ड, मुलीचा जन्माचा दाखला, आणि खाली ते कर्जाचे कार्ड. कडा पुराच्या पाण्याने पिवळ्या पडलेल्या. कर्ज फिटल्याचा शिक्का मारून घेतला होता तिने.

"टीचर, ही शाळेत इंग्रजी वाचते, पण हे बारीक तिला लागत नाही," ती म्हणाली. "इथे टक्क्याचं काय लिहिलंय?"

आम्ही चष्मा लावला आणि आकडा वाचून दाखवला. मुलीने वहीच्या मागच्या पानावर तो लिहिला, शेजारी तीस हजार लिहिले, आणि आम्ही वर मांडले आहे तेच गणित, आमच्या मदतीने, पायरी पायरीने सोडवले. बांगड्यावाली दोघींकडे बघत होती. बेरीज झाली तेव्हा तिने विचारले, "म्हणजे हे तेव्हापण लिहिलेलं होतं? तुम्ही फारम भरला तेव्हा?"

"होतं," आम्ही म्हणालो. "आम्ही पाहिलं होतं."

तिने कार्ड परत पिशवीत घातले, पिशवी ट्रंकेत ठेवली, कडी लावली. मग उठून चहा ठेवायला गेली.